काचेतल्या झाडाची खुशाली

वाईच्या एमआयडीसीत पत्र्याच्या एका साध्या शेडच्या पोटात एक खोली आहे. तिथं बोलायला मनाई आहे. ते देऊळ नाही, ग्रंथालय नाही आणि आत कुणी आजारीही नाही. माणसानं तोंड उघडलं की शब्दांबरोबर जंतूही बाहेर पडतात, एवढंच कारण. सभासंमेलनांना नियमित जाणाऱ्यांना ते पटायला जड जाऊ नये.

त्या खोलीत अंजना सरगर काम करते. टोपी, मास्क, हातमोजे, पांढरा झगा. दिसतात ते फक्त डोळे. समोर गाळलेला वारा सोडणारं काचेचं कपाट, त्यात स्पिरिटचा दिवा, चिमटे आणि ओळीनं मांडलेले चंबू. एका चंबूतल्या वनस्पतीच्या पेशी उचलायच्या आणि ताजं खाद्य भरलेल्या दुसऱ्या चंबूत सोडायच्या. पेशींना दर थोड्या दिवसांनी असं नवं घर द्यावं लागतं, नाहीतर त्या आपल्याच घाणीत मरतात. त्यांना सणवार कळत नाही, त्यामुळे अंजनालाही फारसा कळत नाही. सकाळी आत गेलेली ही बाई दुपारी बाहेर येते तेव्हा तिचा आवाज घशात बसलेला असतो. 'चहा' एवढं म्हणायलाही तिला आधी खाकरावं लागतं.

या कामावर पोरी टिकत नाहीत. सोनिया नावाची एक चुणचुणीत मुलगी महिनाभरात सोडून गेली. जाताना म्हणाली, "मावशी, इथं माणसाला येड लागंल."

"मला कुठं लागलंय?" अंजना म्हणाली.

"तुमाला कळायचं कसं? सांगायला कोन हाय आत?"

यावर अंजना हसली. पण घरी जाताना तिनं त्यावर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी तिनं तो संवाद घरमालकीण सुलाबाईंना जसाच्या तसा सांगितला आणि विचारलं, "तुमाला काय वाटतं?" सुलाबाई म्हणाल्या, "मला तर तू पहिल्यापासूनच थोडी वाटतेस." वाईत घाटाजवळच्या गल्लीत सुलाबाईंच्या घरामागची एक खोली हे अंजनाचं बिऱ्हाड. दोघींचं बोलणं नळाला पाणी येईपर्यंत चालतं आणि पाणी आलं की संपतं.

अंजना मूळची आटपाडीपलीकडच्या एका वाडीतली. घर मेंढक्यांचं. लहानपणी ती मेंढरांमागं माळावर फिरली. तिथंही बोलायला कुणी नव्हतं, पण ओरडायला मुभा होती. लग्न झालं ते जवळच्याच वाडीतल्या हरी सरगरशी. हरी गलाईवाला. त्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगून सराफांच्या पेठांतलं जुनं सोनं-चांदी गाळून, शुद्ध करून देतात, ती गलाई. मेंढरं कमी झाली तशी मेंढक्यांची पोरंही त्या वाटेला लागली. हरी कोइमतूरला एका भट्टीवर कामाला. लग्नाच्या हळदीचा रंग जायच्या आत तो गेला. जायच्या आदल्या दिवशी आटपाडीच्या बाजारातून त्यानं डाळिंबाचं एक रोप आणलं आणि वाघरीशेजारी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी, लावलं. कशाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. नवी नवरी होती. पुढं विचारण्याइतकी जुनी झाली तेव्हा विचारायला तो समोर नव्हता.

झाड मात्र लेंडीखतावर वाढलं. त्याची फळं इतकी आंबट की शेरडंसुद्धा हुंगून पुढं जात. भोवतालच्या शिवारात भगव्या डाळिंबाच्या बागा उठल्या, परदेशात माल जाऊ लागला. वाघरीजवळचं हे एकटं झाड कुणी विकत घेतलं नाही आणि कुणी तोडलंही नाही. एक मुलगा झाला, रविराज. तो मिसरूड फुटल्यावर बापाच्या भट्टीवर गेला आणि तिकडचाच झाला. आता तो आईला रोज सकाळी फोनवर फुलांचं चित्र पाठवतो. त्यावर तमिळमध्ये काहीतरी लिहिलेलं असतं.

हरी रविवारी फोन करतो. त्या दिवशी भट्टी बंद असते. गलाईवाल्यांचं बोलणं मुळात कमी. आम्लाच्या वाफेत तोंड मिटून राहायची सवय लागते. नवराबायको दोघंही असे तोंड मिटायच्या धंद्यात, त्यामुळे फोन कधी लांबला नाही. बोलायचा विषय वर्षानुवर्षं एकच.

"झाड कसं हाय?"

"हाय."

"पानी?"

"हाय की."

"बरं. ठिवू?"

"ठिवा."

नातेवाईक, आजारपणं, पाऊस यांचा समाचार त्या 'हाय'मध्येच आला असं दोघंही धरून चालत.

अंजना वाईला आली ती दिग्विजय माने यांच्यामुळं. हे गृहस्थ रहिमतपूरचे. आधी त्यांनी सांगलीकडं केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवायचा कारखाना काढला होता. शेतकऱ्यांना एकसारखी, निरोगी रोपं द्यायची. अंजना तिथं रोपं पिशव्यांत भरायला लागली आणि तिचा हात हलका आहे हे बघून तिला आत बाटल्यांवर घेतलं. मग केळीचे कारखाने गल्लोगल्ली झाले. दिग्विजयरावांच्या लक्षात आलं की शेतकऱ्याच्या केळीपेक्षा शहरातल्या बाईच्या गालाची काळजी घेणं जास्त शाश्वत आहे. त्यांनी कारखाना वाईला, पुण्याच्या अंगावर आणला आणि झाडं वाढवायचं सोडून झाडाच्या नुसत्या पेशी वाढवायला घेतल्या.

यातली कल्पना तशी साधी आहे. झाडाचं पान घ्यायचं, धुऊन निर्जंतुक करायचं, कापून साखर, क्षार आणि वाढीची द्रव्यं घातलेल्या खाद्यावर ठेवायचं. पानाच्या कडेला पेशींचा एक गोळा फुगतो. शिजवलेल्या रव्यासारखा, ना मूळ ना खोड. तो पातळ खाद्यात सोडून चंबू हलत्या यंत्रावर ठेवला की पेशी वाढत राहतात. त्यांना जमीन लागत नाही, ऊन लागत नाही, शेतकरी तर अजिबात लागत नाही. पुरेशा झाल्या की गाळायच्या, फोडायच्या, अर्क काढायचा. या अर्कात अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात. ऊन, धूर आणि वय यांनी कातडीत जे काही गंजतं त्याला ती अडवतात, असं सांगतात. पुण्या-मुंबईचे क्रीमवाले तो घेतात.

पाहुणे आले की एक प्रयोग दाखवत. परीक्षानळीत गडद जांभळं पाणी, त्यात अर्काचे थेंब टाकले की पाणी बघता बघता पिवळं. पाहुणे 'वा' म्हणत. कंपनीतल्या शास्त्रज्ञ उत्कर्षा कुलकर्णी, सांगलीच्या, नव्यानं डॉक्टरेट झालेल्या, पाहुणे गेल्यावर नळ्या धुताना एकदा म्हणाल्या, "नळीत शंभर टक्के खरं आहे, मावशी. पण चेहरा म्हणजे काही नळी नाही."

"मंग बायका लावत्यात कशाला?"

"तुम्ही लावून बघितलं का?"

अंजनानं हातमोजे काढून हात पुढं केले. ब्लीच आणि स्पिरिटनं बोटांची सालं निघालेली होती. उत्कर्षाबाई परत नळ्या धुवायला लागल्या. दिवाळीला कंपनीनं सगळ्यांना क्रीमची एकेक डबी दिली. अंजनानं ती सुलाबाईंना दिली. सुलाबाईंनी ती देवघरात ठेवली, कारण एवढ्या चांगल्या डबीचं काय करायचं हे त्यांना सुचलं नाही.

डाळिंबाच्या पेशींनी सुरुवातीला सगळ्यांना रडवलं होतं. बागांतून आणलेली पानं खाद्यावर ठेवली की काळी पडत. डाळिंबात तुरट द्रव्यं फार, ती आपल्याच पेशी मारतात. शेवटी उत्कर्षाबाईंनी कंपनीतल्या सगळ्यांना सांगितलं की गावाकडं जाल तिथून जे डाळिंब दिसेल त्याची पानं आणा. अंजनानं वाघरीजवळच्या झाडाची आणली. ती काळी पडली नाहीत. फिकट पिवळ्या पेशींचा गोळा धरला, वाढला आणि वाढतच राहिला. त्या फळाला इतकी वर्षं शेरडांनी नाकारलं होतं. आता त्याच्या नावानं माहितीपत्रक निघालं. 'दुष्काळी माळरानावरील दुर्मिळ डाळिंबाची चिरतरुण शक्ती.' वर लालभडक फळाचा फोटो होता, तो दुसऱ्याच कुठल्यातरी डाळिंबाचा.

त्यातली एक गोष्ट अंजनाला चमत्कारिक वाटायची. अर्क काढायच्या आधी काही दिवस पेशींना मुद्दाम त्रास देतात. प्रखर उजेडात ठेवतात, एक औषध घालतात. त्रास झाला की त्या स्वतःला वाचवायला अँटिऑक्सिडंट जास्त बनवतात. त्रास किती द्यायचा याचं माप ठरलेलं. कमी दिला तर माल निघत नाही, जास्त दिला तर पेशी मरतात. "म्हंजी सासुरवासाचंच माप की," अंजना म्हणाली होती.

दोन वर्षांपूर्वी, वाडीवर झाडाकडं बघणाऱ्या धाकट्या दिराचा, अर्जुनाचा, फोन आला.

"वैनी, झाडाला तेल्या आलाय."

तेल्या म्हणजे डाळिंबाचा रोग. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, फांद्या चिरफाळतात. एका झाडाला आला की शिवारातल्या बागा भयानं थरथरतात.

"फवारनी घेतली न्हाई का?"

"घितली. शेजारचं बागवालं भांडाय लागल्यात, वैनी. आमच्यात पसरंल म्हंत्यात. जेसीबी आलाय त्यांचा."

"मंग?"

"मंग काय. काडलं. जाळलं बी."

एवढंच बोलणं झालं. ती वेळ दुपारच्या सुट्टीची होती. सुट्टी संपल्यावर अंजना टोपी-मास्क घालून आत गेली. यंत्रावर चंबू नेहमीप्रमाणं गरगर हलत होते. त्यांत फिकट पिवळ्या पेशी होत्या, त्याच झाडाच्या. झाड जळलं होतं आणि त्यांना काही कळलेलं नव्हतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. खोलीत बोलायचं नसतं आणि हातमोज्यांनी डोळे पुसता येत नाहीत, म्हणून दोन्ही गोष्टी राहिल्या.

रविवारी हरीनं विचारलं, "झाड कसं हाय?"

अंजना म्हणाली, "हाय."

हे खोटं आहे असं तिला त्या क्षणी वाटलं नाही. झाड होतं. पाणी विचारलं; पाणीही होतं, भरपूर. फळं धरली का विचारलं, तर म्हणाली, "न्हाई. नुसतं वाढतंय." त्यातही खोटं काही नव्हतं. पुढच्या रविवारी सांगू, असं तिनं ठरवलं. पण झाड नाही म्हटल्यावर त्याच्या पुढच्या रविवारी काय बोलायचं, या विचाराशी ती अडली. जन्मभर दोघांनी तेवढी एकच वाट पायांखाली घातलेली. दुसरी त्यांनी पाडलीच नव्हती. त्या दोन वर्षांत हरीला गावाकडं येणं जमलं नाही. एकदा भट्टीमालक आजारी, एकदा स्वतः. अंजनालाही त्याचं फार वाईट वाटलं नाही, ही मात्र नवी गोष्ट होती.

मग गेल्या श्रावणात हरी म्हणाला, "येत्या बिरोबाच्या जत्रंला येनार. धाकला सेठ रजा देतो म्हनलाय."

"बरं हुईल," अंजना म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिनं बोटांवर महिने मोजले.

जत्रा चैत्रात. तिनं दुसऱ्याच दिवशी उत्कर्षाबाईंना गाठून, डबा खाता खाता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, ह्या पेशींचं परत झाड हुईल का?"

"तत्त्वतः होतं. पण आपली पेशी किती वर्षं अशी नुसती फुगतेय. झाड व्हायचं ती विसरली असणार."

"आठवन करून दिली तर?"

उत्कर्षाबाई हसल्या. पण बाई मनानं शास्त्रज्ञ होत्या आणि कंपनीत त्यांना जांभळ्याचं पिवळं करण्यापलीकडं फारसं काही करायला मिळत नव्हतं. त्यांनी खाद्य बदलून, वाढीची द्रव्यं उलटसुलट करून काही काचेच्या बशा भरल्या आणि त्या उजेडाच्या फळीवर ठेवल्या. झाड मेलेलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. अंजनानं कंपनीतही ते कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी.

नवरात्र बसायच्या सुमारास एका बशीत, पिवळ्या गोळ्याच्या कडेला, हिरवा ठिपका दिसला. मोहरीएवढा. उत्कर्षाबाईंनी भिंगाखाली बघितला आणि खोलीचा नियम मोडून म्हणाल्या, "अगं बाई!" मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कोंब आहे, मावशी. लगेच नाचू नका, टिकला पाहिजे. फाल्गुनापर्यंत कुंडीत जाईल, देवाच्या मनात असेल तर."

शास्त्रज्ञांनी देवाचं नाव काढावं याचा परिणाम अंजनासारख्या बाईवर काय होईल, याचा त्यांनी विचार केला नव्हता.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. वाईत पुरोहितांना तोटा नाही. गुरुजी वेळेवर आले. जनरेटर, निर्जंतुक करायची मोठी टाकी, वजनकाटा, मालकांची गाडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. पेशींच्या खोलीला मात्र दाराच्या काचेबाहेरून अक्षता. तसा कडक नियमच होता, आणि नव्या पोरींना तो अंजनाच शिकवायची. "आत फूल न्हाई, पान न्हाई, डोक्यात गजरा न्हाई. झेंडू तर लय वंगाळ." गुरुजींनीही समजूतदारपणे काचेला नमस्कार केला आणि म्हणाले, "आतल्यांना पोचला."

पूजा झाली. मंडळी बाहेर मंडपात जिलेबी खायला बसली. अंजना बसली नाही. तिच्या मनात एकच सलत होतं. वजनकाट्याला फूल मिळालं, गाडीच्या टायरांना मिळालं, आणि झाडाला नाही. वाडीवर खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्या झाडालाही भंडारा लावायची तिची रीत होती. झाड गेल्यापासून ती मोडली होती. आता झाड परत यायच्या वाटेवर होतं, मोहरीएवढं का होईना.

तिनं मग एक गोष्ट केली, ती तिच्याशिवाय दुसरं कुणी करणं शक्य नाही. जनरेटरच्या माळेतला एक झेंडू घेतला, त्याच्यावर स्पिरिट फवारलं, पंख्याखाली वाळवला, परत फवारला. देवाचं फूल निर्जंतुक करून वाहणारी ती बहुधा पहिलीच. मग टोपी, मास्क, झगा, हातमोजे असा सगळा सरंजाम करून ती आत गेली, फूल हिरव्या ठिपक्याच्या बशीशेजारी ठेवलं आणि बशीच्या झाकणावर बाहेरून भंडाऱ्याचं बोट लावलं. मास्कच्या आत ओठ हलले असतील तर कुणाला दिसले नाहीत. दसऱ्याला सुट्टी होती. एकादशीला ती पहिली आली आणि फूल उचलून नदीत सोडलं, भंडारा स्पिरिटनं पुसला. सगळं नियमानं झालं.

पंधरवड्यानं पहिली बुरशी दिसली, त्या हिरव्या ठिपक्याच्याच बशीत. खाद्यावर पांढऱ्या बुरशीचे बारीक ठिपके एका ओळीत उठले होते, ओल्या पायांनी कुणी चालत गेल्यासारखे. मग शेजारच्या बशीत. मग यंत्रावरच्या चंबूंत एकापाठोपाठ एक. उत्कर्षाबाईंनी एक बशी खोलीबाहेर आणून भिंगाखाली धरली.

"कोळीकिडा," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी दिसत नाही. पायाला बुरशी लावून या बशीतून त्या बशीत हिंडतोय. झाकणाच्या फटीतून, चंबूच्या कापसाच्या बोळ्यातून. पण हा आत आला कसा? असला कोळी असतो तो फुलांत... झेंडूत..."

अंजना समोरच्या बशीतली पावलं बघत होती. स्पिरिट पाकळ्यांच्या वरवर बसलं होतं. झेंडूच्या पोटात किती पाकळ्या असतात याचा विचार तिनं केला नव्हता.

"सगळं काढावं लागेल," उत्कर्षाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता, पण लगेच त्यांनी स्वतःला सावरलं. "जाऊ दे, मावशी. जे पहिल्यांदा केलं तेच परत करायचं. तुमच्या झाडाची चार पानं आणा, आपण नव्यानं सुरू करू. यावेळी पहिल्यापासून रोपाचंच बघू."

"झाड न्हाई, मॅडम."

"नाही म्हणजे?"

"काडलं. दोन वर्सं झाली. तेल्या आल्ता."

उत्कर्षाबाईंनी भिंग बाजूला सारलं. "आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?"

"फूल बी मीच ठिवलं हुतं," अंजना म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता आलं नाही. भंडारा, स्पिरिट, पंखा, सगळं सांगितलं. तिच्या तोंडून सलग एवढी वाक्यं त्या शेडमध्ये कुणी कधी ऐकली नव्हती. मग म्हणाली, "सायबांना सांगायला पायजे."

दिग्विजयराव केबिनमध्ये फोनवर होते. फोन संपवून त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. अंजना दाराशी उभी होती. रागवून घ्यायची तिनं पूर्ण तयारी केली होती, पदर खोचला होता.

"म्हणजे डाळिंब सगळं गेलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं, सायब. माझ्यापायी."

"अंजनाताई, बसा. खरं सांगू का? डाळिंब मी दिवाळीनंतर बंदच करणार होतो. मुंबईच्या पार्टीला आता परदेशी गुलाब पाहिजे. डाळिंब म्हणे फार... गावरान वाटतं." ते थोडे थांबले. "खोली धुऊन धुरी द्यायचीच होती. आता आयतं झालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"पन चूक माजी हाय."

"असू दे ओ. कुणाचं काय अडलंय?"

अंजना बाहेर आली. तिच्या चुकीला कंपनीत कुठं जागा नव्हती. ती व्हरांड्यात उभी राहिली. खोचलेला पदर सोडावा की तसाच ठेवावा हे तिला कळेना. उत्कर्षाबाई काहीतरी बोलायला आल्या, "मावशी, चहा घेऊ या का," एवढंच त्यांना सुचलं. अंजना नको म्हणाली.

चंबू तिनंच रिकामे केले. मोठ्या टाकीत वाफेवर सगळं मारून मगच फेकायचं असतं, नाहीतर बुरशी बाहेर पसरते. फळीवरच्या बशा, यंत्रावरचे चंबू, सगळे तिनं ओळीनं टाकीत लावले. हिरव्या ठिपक्याची बशी शेवटी. ठिपका अजून हिरवा होता. पांढरी पावलं त्याच्या अगदी जवळ येऊन पोचली होती. झाकण लावून तिनं चक्री फिरवली. वाफेनंतर बाहेर आलं ते शिजलेल्या रव्यासारखं दिसत होतं. आधीही तसंच दिसायचं.

खोलीला धुरी दिली आणि काही दिवस दार बंद ठेवलं. मग एका रविवारी दार उघडून खोली पुसून घ्यायचं काम आलं. बाकी कुणाला सुट्टीच्या दिवशी येणं जमण्यासारखं नव्हतं, अंजनाला होतं. तिनं फळ्या पुसल्या, जमीन पुसली. यंत्र नीट चालतंय का बघायला ते सुरू केलं. रिकाम्या जाळ्या गरगर हलू लागल्या. खोलीत आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मास्क नव्हता, आणि एरवी दाराबाहेरच्या खणात ठेवायचा फोन झग्याच्या खिशात होता. तो वाजला.

"झाड कसं हाय?" हरीनं विचारलं.

अंजना स्टुलावर बसली. चैत्रात तो येणारच होता.

"गेलं," ती म्हणाली.

त्या खोलीत तिनं उच्चारलेला पहिला शब्द तो. धुतलेल्या भिंतींवरून तो तिला परत ऐकू आला. पलीकडून कोइमतूरच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे येत राहिले.

"तेल्या आल्ता. जेसीबीनं काडलं. लय दिस झालं. मी सांगितलं न्हाई तुमाला."

"ठावं हाय," हरी म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"अर्जुनानं तवाच सांगितलं हुतं. काडलं त्याच सांजंला."

अंजनानं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडं बघितलं, जणू त्यात कुणी दुसरंच बोलत असावं. मग परत कानाला लावला.

"आवं मग दर ऐतवारी इचारत का हुता?"

"मग काय इचारू?"

'ठिवू?' मात्र त्यानं म्हटलं नाही. इतक्या वर्षांत फोन इतका वेळ कधी चालू राहिला नव्हता, आणि त्यात कुणी काही बोलत नव्हतं.

शेवटी हरीनंच विचारलं, "त्यो आवाज कसला येतोय?"

"यंत्र हाय. हलतं."

"त्यात काय हाय?"

"काय न्हाई. रिकामं हलतंय."

"मग बंद कर की."

"असू दे," अंजना म्हणाली.

"बरं. असू दे. ठिवू?"

"ठिवा."

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा ती घाटावर कपडे धूत होती. ओल्या हातानं तिनं घेतला. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि मग, बरीच तयारी करून आल्यासारखा, हरी म्हणाला, "त्ये यंत्र हाय का चालू?"

"हाय."

"रिकामंच?"

"न्हाई. आता गुलाब घातल्यात."

"वास येतो?"

"न्हाई ओ," अंजना म्हणाली. "कशाचा येतोय."